पहिला इलेक्ट्रॉन काढण्याचा तास

लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीत कुठल्याही ई-रिक्षावाल्याला ‘केमिस्ट्रीवाली मैम’ एवढं म्हणा, तो पुढचं काही न विचारता तुम्हाला त्या तीन मजली कोचिंगच्या जिन्यापाशी नेऊन सोडेल. आईबाप हात जोडून तिथे पोरं आणून घालतात आणि पोरं देवाचं नाव घेत जिना चढतात. मधुमती पिंजरकर शिकवते सुरेख, यात वाद नाही. आवर्तसारणी तिनं एकदा फळ्यावर उलगडली की दगडाच्याही डोक्यात शिरते. पण बाईच्या जिभेला हाड नाही. त्या जिभेनं ती परक्यांची पोरं सोलत होती तोवर सगळे कौतुक करत होते, हेही आधीच सांगून टाकलेलं बरं.

बाई मूळची अकोल्याची. अमरावतीला एम.एस्सी. झाली, सरकारी बँकेतल्या चारुदत्त पिंजरकराशी लग्न झालं आणि त्याच्या बदलीबरोबर लखनौला आली. पहिली नोकरी शहराच्या कडेला, चिनहटच्या एका शाळेत मिळाली. हिंदी येते म्हणून मोठ्या ऐटीत वर्गात शिरली, पण ती हिंदी अकोल्याच्या बाजारातली, ‘मुझे’च्या जागी ‘मेरे को’ म्हणणारी. ‘मेरे को बताओ’ असं पहिलंच वाक्य तोंडातून गेलं आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. मग रोजचंच झालं. बाई फळ्याकडे वळली की मागच्या बाकावरून कुणीतरी नाकात बोलायचं, ‘मेरे को, मेरे को’. एक दिवस हातातला खडू तसाच धरून ती वर्गासमोर रडली. पोरं आणखी हसली. पोरांना काय, रडणारी मास्तरीण म्हणजे फुकटचा तमाशा.

त्या दिवशी बाईनं एक गाठ मनाशी मारली. जो आधी हसतो त्याला कुणी हसत नाही. दोन-तीन वर्षांत तिनं अशी हिंदी कमावली की अस्सल लखनौवाले तिला विचारायचे, आपण कुठल्या मोहल्ल्यातल्या. प्रत्येक पोराला ‘आप’, प्रत्येकाच्या नावापुढे ‘जी’. लखनौची बोली मऊ, तिच्यात गुंडाळून मारलं की वळ दिसत नाही. बाईला हे फार लवकर कळलं आणि फार आवडलंही.

पुढे शाळा सुटली, कोचिंग लागलं आणि तिथे तिचा तो तास सुरू झाला. दर वर्षी आवर्तसारणीतले कल शिकवून झाले की एक दिवस फक्त त्यासाठी. आधी फळ्यावर नीट समजावायची. सारणीत डावीकडून उजवीकडे जाल तशी केंद्राची ओढ वाढते, अणू आकसत जातो. वरून खाली उतराल तशी एकेक कवच वाढतं, बाहेरचा इलेक्ट्रॉन घरापासून लांब पडतो, आणि लांब पडला तो सैल सुटला. तो पहिला इलेक्ट्रॉन उपटून काढायला किती ऊर्जा लागते, त्याला पुस्तकात मोठं नाव आहे. बाई म्हणायची, ‘निकालने का ख़र्चा.’ खाली डाव्या कोपऱ्यात सीझियम, त्याला खर्च जवळजवळ नाहीच. वर उजव्या टोकाला हेलियम, त्याच्याकडून काही काढून दाखवाच.

इथपर्यंत ठीक होतं. मग बाई खडू ठेवायची, हात झटकायची आणि एकेका पोराला उभं करायची. पाच वाक्यं. पाच वाक्यांत डोळ्यांतून पाणी आलं की इलेक्ट्रॉन निघाला. पहिल्याच वाक्याला रडला तो मागच्या डाव्या कोपऱ्यात, दुसऱ्याला रडला तो त्याच्या शेजारी, असं करत करत वर्ग सारणीसारखा मांडला जायचा. पाचही वाक्यं कोरड्या डोळ्यांनी झेलणारा खिडकीकडच्या रांगेत, निष्क्रिय वायूंच्या रकान्यात. आणि ती जागा वर्षभराची. डाव्या कोपऱ्यातल्या पोराला वर्षभर सगळे ‘सीझियम’ म्हणूनच हाक मारायचे, चहावालासुद्धा.

बाईला सगळ्यांचं सगळं ठाऊक कसं, असं पोरांना वाटायचं. त्यात जादू काही नव्हती. प्रवेशाच्या वेळी आईबापांना ती चहा पाजायची आणि मायेनं विचारायची, घरी कोण कोण, मुलगा झोपतो कधी, घाबरतो कशाला. आईबाप काळजीनं सांगायचे, बाई काळजीनं लक्षात ठेवायची. आणि तो धडा मात्र पोरं जन्मात विसरत नसत. परीक्षेत त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी. कोचिंगचा मालक राजेश बाजपेयी त्यामुळे तिच्यावर खूष. मार खाल्ल्याशिवाय विद्या येत नाही, असं मानणारे आईबापही खूष. मग कोण बोलणार?

यंदा मात्र त्या बॅचमध्ये बाईची स्वतःची मुलगी होती.

नेत्रा अकरावीत. आईसारखीच नाकेली, पण जीभ बापाची, गोड आणि कमी चालणारी. लखनौत जन्मून वाढूनही तिचं मराठी असं शुद्ध की अकोल्याची मामी तोंडात बोट घालायची. बाकीच्या मराठी घरांतली पोरं आईनं मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर द्यायची. नेत्रा नाही. घरात पाऊल टाकलं की चप्पल काढावी तशी ती हिंदी दाराशी काढून ठेवायची. चारुदत्तनं नागपूरची बदली मागून घेतली, तिथे दुसऱ्या बाईबरोबर संसार मांडला, त्यानंतर तर त्या घरात मराठी बोलणाऱ्या दोघीच उरल्या. बाईनं दिवसभर ज्या तोंडानं लोकांच्या पोरांना रक्तबंबाळ केलं त्याच तोंडानं संध्याकाळी लेकीला ‘ये गं माझी बाय’ म्हणावं, आणि लेकीनं तिच्या मांडीवर डोकं टाकावं. हे एवढंच बाईचं खरं होतं. बाकी सगळा फळा.

कोचिंगमध्ये नाव घातलं तेव्हा नियम बाईनंच घालून दिला. वर्गात आई म्हणायचं नाही, मैम म्हणायचं. मराठी एक शब्द नाही. नेत्रानं मान डोलावली आणि पाळलंही.

आता जिन्याची गोष्ट. एका दुपारी बाई वरच्या मजल्यावरच्या कठड्याशी उभी राहून फोनवर चारुदत्तशी बोलत होती. बोलत कसली, भांडत होती, घर कुणाच्या नावावर ठेवायचं त्यावरून. तेवढ्यात खालच्या पायऱ्यांवरून नेत्राचा आवाज आला. मैत्रीण पूर्वा शेजारी बसून शेंगदाणे खात होती आणि नेत्रा कानाला फोन लावून सांगत होती, ‘हो बाबा, जेवले. तुम्ही जेवलात का? हो, सांगते आईला.’

आणि बाबा तर इकडे बाईच्या कानात खोकत होते.

बाईला क्षणभर काही समजेना. मग समजलं आणि ती कठड्यावरून खाली वाकली. पूर्वा दर दोन दिवसांनी म्हणायची, नेत्राचे पापा किती चांगले, लांब राहतात पण रोज फोन करतात. सगळ्या बॅचला तेच माहीत. पोरगी बंद फोनवर मराठीत बोलत होती, कारण तिथे मराठी कुणालाच कळत नव्हतं. ते नाटक ओळखेल असं एकच माणूस होतं आणि ते नेमकं वर उभं होतं. नेत्रानं मान वर केली. दोघींची नजर भेटली. घरी येताना ई-रिक्षात ती एवढंच म्हणाली, ‘आई, हे कुणाला सांगायचं नाही.’ बाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘वेडी का तू?’

तो तास आला त्याच्या आदल्या दिवशी नेत्रा भाजी निवडता निवडता म्हणाली, उद्या मी घरी राहू का. बाई उसळली. मैमची पोरगी लपून बसली असं लोकांनी म्हणायला हवं का? त्यातून या वर्षी आणखी एक काटा होता. पुढच्या सत्रात निवडक मुलांची पहिली बॅच कुणाला द्यायची ते बाजपेयीनं ठरवलं नव्हतं. कानपूरहून आलेला एक तरुण सर फार पुढे पुढे करत होता. बाईला ती बॅच हवी होती, अगदी जिवाच्या आकांतानं हवी होती. आपल्या पोरीला सूट दिली असं झालं असतं तर बाजपेयीच्या हातात आयतं कोलीत.

‘काहीतरी किरकोळ बोलेन मी तुला,’ बाई म्हणाली. ‘पाच वाक्यं, की सुटलीस.’

‘जिन्याचं नाही ना?’

‘नाही गं. तुझी शपथ.’

नेत्रानं शपथेवर विश्वास ठेवला. आईच्या शपथेवर नाही ठेवायचा तर कुणाच्या ठेवायचा?

दुसऱ्या दिवशी वर्ग गच्च भरला. बाईनं कल समजावले, खडू ठेवला, हात झटकले. पहिलाच उभा केला तो सौरभ. चिनहटहून दोन रिक्षा बदलून येणारा, काटकुळा, अभ्यासात बरा. बाप एका कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळीचा पहारेकरी. बाईनं त्याच्या पायांकडे पाहिलं आणि अगदी हळुवार आवाजात विचारलं, ‘सौरभ जी, जूते तो पिताजी के हैं. फिर रात की ड्यूटी पर वे नंगे पाँव जाते हैं?’

वर्ग खदखदून हसला. सौरभनं खाली बघितलं, पाय बाकाखाली ओढायला गेला आणि त्याचे डोळे भरून आले. एकाच वाक्यात. सीझियम. तो दप्तर उचलून मागच्या डाव्या कोपऱ्यात गेला. एवढ्या सराईतपणे एखाद्या पोराचा बाप चव्हाट्यावर मांडायचा आणि लगेच पुढचं नाव घ्यायचं, हे बाईलाच जमे.

एकेक करत सगळे संपले. नेत्राचं नाव आलं तेव्हा वर्गात कुजबुज झाली. दाराशी बाजपेयी येऊन उभा राहिला होता, बरोबर नव्या प्रवेशाला आलेलं एक जोडपं. नेत्रा उभी राहिली. बाईनं तिच्या अक्षरावरून एक वाक्य टाकलं. मग तेल चोपडलेल्या केसांवरून. मग पाल दिसली की पलंगावर चढून बसते त्यावरून. चौथं, पोळी नकाशासारखी लाटते. पाचवं, झोपेत घोरते. नेत्रा शांत उभी. ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसूही होतं. हे काय चाललंय ते आंधळ्यालाही दिसत होतं. पोरीला कच्चं लिंबू ठरवून खेळातून बाहेर काढलं होतं.

तेव्हा कोपऱ्यातून सौरभ उभा राहिला. डोळे अजून लाल होते. चिनहटच्या त्या जुन्या शाळेत त्याचा थोरला भाऊ शिकला होता, हे बाईला त्याच्या आईबापानं चहा पिताना सांगितलं नव्हतं. तो नाकातून, एकेक शब्द सावकाश सोडत म्हणाला, ‘मैम, गुस्ताख़ी माफ़. मेरे को लगता है, मेरे को जैसा पूछा, नेत्रा को वैसा नहीं पूछा.’

मेरे को. तोच सूर, तेच नाक. चिनहटची आणखी दोघं-तिघं वर्गात होती, घरोघर ही नक्कल पोचलेली होती, ती आधी हसली. मग कारण कळो न कळो, सगळा वर्ग हसला. दाराशी बाजपेयीच्या मिशा हलल्या. ते नवं जोडपंसुद्धा एकमेकांकडे बघून हसलं. बाईच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. एवढी वर्षं, एवढे निकाल, आणि शेवटी पुन्हा खडू हातात धरून रडणारी अकोल्याची बाई. तिच्या मनात त्या क्षणी शपथ नव्हती, लेक नव्हती, काही नव्हतं. हे हसणं थांबलं पाहिजे, एवढंच होतं. पुढे जेव्हा जेव्हा आठवलं तेव्हा ती स्वतःला हेच सांगत राहिली, की तोंडून निघून गेलं. खोटं आहे. तिनं आधी ‘जी’ लावलं. रागानं भान गेलेला माणूस ‘जी’ लावत नाही.

‘नेत्रा जी,’ ती म्हणाली, ‘आज सीढ़ियों पर पापा से बात कीजिए, तो फ़ोन चालू कर लीजिएगा.’

हसणं थांबलं. बाईला हवं होतं तसंच थांबलं. पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग पूर्वानं अगदी बारीक आवाजात विचारलं, ‘वो रोज़ वाला फ़ोन?’ आणि मग एकेकाला समजत गेलं. मध्येच कुणीतरी फस्सकन हसलं, दुसऱ्यानं साथ दिली. सौरभ हसला नाही. तो खाली बसला आणि बापाच्या बुटांकडे बघत राहिला.

नेत्रा रडली नाही. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी पुसलं गेलं, बस. तिनं दप्तर खांद्याला लावलं आणि विचारलं, ‘मैम, मैं रोई नहीं. कहाँ बैठूँ?’

बाईनं खडू उचलला आणि त्यानंच खिडकीकडे दाखवलं. मग फळ्याकडे वळून तिनं राहिलेला भाग शिकवला, दर वर्षी शिकवायची तसाच. पहिला इलेक्ट्रॉन निघून गेला की अणू लहान होतो. उरलेले इलेक्ट्रॉन केंद्र अधिक घट्ट धरून ठेवतं. दुसरा काढायचा तर खर्च कितीतरी जास्त. पोरांनी सगळं उतरवून घेतलं. नेत्रानंही.

संध्याकाळी बाई वाटेत थांबून लेकीला आवडते म्हणून मलई मक्खन ही दुधाच्या फेसाची मिठाई घेऊन आली. दाराशीच म्हणाली, ‘नेत्रा, ये गं, बघ काय आणलंय.’ आतून उत्तर आलं, ‘रख दीजिए मैम, बाद में खा लूँगी.’

बाईला वाटलं, राग आहे, दोन दिवसांत उतरेल. राग असता तर उतरला असता. नेत्रा भांडली नाही, अबोला धरला नाही, ताट लोटलं नाही. विचारलं की उत्तर द्यायची, सांगितलेलं काम करायची, सकाळी निघताना ‘चलती हूँ मैम’ म्हणायची. लखनौत कुणीही कुणाशी वागावं इतकं नेटकं. बाई मराठीत बोले, ती हिंदीत उत्तर देई. बाई ‘तू’ म्हणे, ती ‘आप’ म्हणे. जिन्यावर ती आता बसत नव्हती. पूर्वाशीही बोलत नव्हती. खिडकीच्या रांगेत एकटी बसायची आणि पैकीच्या पैकी आणायची.

बाईनं शेवटी चारुदत्तला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पाया पडल्यासारखी बोलली. पोरीला फोन कर. रोज नको, एकदा कर. त्यानं केलाही, बिचाऱ्याला तेवढी तरी लाज होती. नेत्रानं फोन उचलला, पलीकडचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘जी, मैम घर पर ही हैं, देती हूँ.’ फोन आईच्या हातात ठेवून ती आत निघून गेली.

पहिली बॅच बाईलाच मिळाली. बाजपेयी आता प्रवेशाला येणाऱ्या प्रत्येक आईबापाला तो किस्सा सांगतो. हमारी मैम ने अपनी बेटी तक को नहीं छोड़ा. आईबाप ऐकतात, भारावतात आणि लगेच पोराचं नाव घालतात. बाई शेजारी उभी राहून हसते. दुसरं काय करणार? आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला आणि वर लोक त्याची आरती करताहेत.

गुढीपाडव्याला बाईनं सुट्टी घेतली. पहाटे उठून बाल्कनीत गुढी उभारली, चक्का फेटून श्रीखंड केलं, पुऱ्या तळल्या. दोघीच जेवायला बसल्या. नेत्रानं मुकाट्यानं खाल्लं. ‘मैम, नमक दीजिएगा,’ एवढंच एकदा म्हणाली. बाईनं मीठ सरकवलं आणि मग तिला काही आवरलं नाही. ती ताटावरच रडायला लागली. चिनहटनंतर पहिल्यांदाच कुणासमोर रडत होती.

‘चुकलं माझं, नेत्रा,’ ती म्हणाली. ‘मार हवं तर मला. पण एकदा आई म्हण. एकदा माझ्याशी मराठीत बोल.’

नेत्रानं हातातली पुरी संपवली. उठून हात धुतले, नॅपकिनला पुसले. कपाटावर तिचा फोन होता, रात्री चार्जिंगला लावायचा राहून गेला म्हणून सकाळपासून बंद पडलेला. तो तिनं उचलला, कानाला लावला आणि आईच्या खांद्यावरून पलीकडे, बाल्कनीतल्या गुढीकडे बघत हसली. किती महिन्यांनी हसली, आणि काय गोड हसली.

‘हो आई, जेवले,’ ती फोनमध्ये म्हणाली. ‘श्रीखंड होतं. तू जेवलीस का?’

मग जरा थांबून पलीकडचं ऐकल्यासारखं केलं, ‘बरं, उद्या बोलू’ म्हणाली, फोन कपाटावर ठेवला आणि आईचं उष्टं ताट उचलता उचलता विचारलं, ‘मैम, आप और लेंगी?’